खरखरताईंचे कान

माझ्या आत्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे ती कुणालाही बिनदिक्कत सांगायची. जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्या बाईने असं सांगितलं की गिऱ्हाईक जरा बिचकायचं. मग ती म्हणायची, "गाणं कसं आहे ते तुम्ही ठरवा. रेकॉर्ड कशी आहे ते मी सांगते."

त्यातही सगळ्या रेकॉर्डी ती विकत नसे. वर्ष संपता संपता जी मोठी सुट्टी येते, घरं माणसांनी भरतात, त्या दिवसांत घरोघर जी गाणी लावतात तेवढ्याच रेकॉर्डी तिच्याकडे असत, त्याही वापरलेल्या. तिच्या घराची मागची खोली जमिनीपासून छतापर्यंत खोक्यांनी भरलेली होती. भर उन्हाळ्यात, पंखा गरगरत असताना, त्या खोलीतून थंडीच्या सुट्टीची गाणी ऐकू यायची. शेजाऱ्यांनी सुरुवातीला त्यावरून खूप टिंगल केली, मग कंटाळून सोडून दिलं.

ती या धंद्यात पडली कशी, हे आधी सांगायला हवं. त्याआधी ती काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीवर होती. समोरून पट्ट्यावर बाटल्या सरकत जायच्या, मागे उजेडाची पांढरी काच, आणि तिने बसून बघत राहायचं. बुडबुडा दिसला, काढ. तडा दिसला, काढ. मान वाकडी, काढ. तिथे एका कपाटात नमुन्याच्या बाटल्या ठेवलेल्या असत. एवढा बुडबुडा चालतो, एवढा नाही, हे दाखवणाऱ्या. शंका आली की हातातली बाटली नमुन्याशेजारी धरायची. आत्याला ते कपाट फार आवडायचं. "जगात सगळ्याच गोष्टींचं असं कपाट हवं होतं," ती म्हणायची. "नवरा बघताना तर हवंच होतं." हे आतोबांसमोर म्हणायची आणि आतोबा सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

आतोबा गेले, आणि पाठोपाठ कारखानाही बंद पडला. हात रिकामे झाले तेव्हा तिने आतोबांच्या रेकॉर्डी दोन पिशव्यांत भरल्या आणि कोपऱ्यावरच्या जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात नेल्या. दुकानदाराने एकेक काढून बघितली, बऱ्याचशा ठेवून घेतल्या आणि चार-पाच तिच्याकडे परत सरकवल्या.

"या नकोत, ताई. सुट्टीची गाणी मी घेत नाही."

दुसरं कुणी असतं तर त्या उचलून घरी आलं असतं. आत्याने विचारलं, "का?"

"का म्हणजे? माळ्यावर ढीग पडलाय माझ्या. प्रत्येक घरात असतात, प्रत्येक घरातून येतात. आणि अवस्था बघायची तर विचारू नका. वर्षातून आठवडाभर वाजणार, तीही पोरांच्या हातात, खाता-पिता. मग वर्षभर माळ्यावर. चांगली कुठली, वाईट कुठली हे शोधण्यात माझा जीव जाईल."

"म्हणजे अजून कुणी शोधलेलंच नाही?"

"नाही बुवा."

"ढीग दाखवा बरं," आत्या म्हणाली.

त्या दिवशी ती दुकानाच्या माळ्यावर चढली ती अंधार पडल्यावर धुळीने माखून उतरली. खाली येऊन तिने दुकानदाराला सांगितलं की ढिगातला बराचसा माल टाकाऊ आहे, पण बाकीचा टाकाऊ नाही, आणि तो तिला हवा आहे. दुकानदाराला माळा रिकामा होण्याशी मतलब. पुढे ती रेकॉर्ड उचलली की "खरखर किती?" असं विचारायची, म्हणून त्यानेच तिचं नाव खरखरताई पाडलं. ते इतकं चिकटलं की पार्सलावर लोक तेच लिहू लागले आणि पोस्टमनही बिनचूक घरी आणून देऊ लागला.

तिच्याकडे येणारी माणसं जवळजवळ एकाच गोष्टीसाठी येत. लहानपणी घरी एक रेकॉर्ड होती, ती कुणीतरी फोडली, हरवली, भावाने नेली. तशीच हवी. आत्या त्यांना गाण्याचं नाव विचारत नसे, कव्हरचा रंग विचारायची. रंग सगळ्यांना आठवतो.

तपासायची पद्धत तिने कारखान्यातून उचलली होती. खिडकीपाशी टेबल, त्यावर मान वळवता येईल असा दिवा. रेकॉर्ड दोन तळव्यांच्या मध्ये कडेवर धरायची आणि उजेड तिच्यावरून घसरत जाईल अशी हळूहळू तिरकी करायची. ओरखडा दिसला की त्याच्यावरून अलगद नख फिरवायचं. नख अडलं तर तो ऐकू येणार, नाही अडलं तर नुसताच दिसणार. मग रेकॉर्ड लावायची आणि ऐकायची ते गाणं नव्हे, दोन गाण्यांमधली रिकामी जागा. तिथे पिन काय बोलते त्यावर सगळं. गाणं सुरू झालं की ती अस्वस्थ व्हायची. गाणं तिच्या लेखी मध्येच तोंड घालणारं माणूस होतं.

प्रतवारीही तिची स्वतःची होती. कोरी, सांभाळलेली, वापरलेली, चालेल, आणि सगळ्यांत शेवटी कव्हरापुरती. प्रत्येक प्रतीची एकेक नमुन्याची रेकॉर्ड तिने वेगळी काढून कपाटात ठेवली होती आणि तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

सुट्टीच्या रेकॉर्डींचं वागणंच वेगळं असतं, हे तिने मला शिकवलं. त्यांच्यावर मेणाचे थेंब असतात. बोटांचे चिकट ठसे असतात, तेही कडेला नाही, मधोमध, म्हणजे पोराने उचललेली. एखादी कशावर तरी तापायला राहिलेली असते आणि बशीसारखी वाकते. आणि पहिल्या बाजूचं पहिलं गाणं झिजून पांढुरकं झालेलं, तर दुसरी बाजू कोरी करकरीत. "पहिलं गाणं संपेस्तोवर पाहुणे दारात येतात," ती म्हणायची. "मग बाजू कोण पलटतो?"

या घरात आणखी एक माणूस होतं. आतोबांची धाकटी बहीण. लग्न न केलेली, आयुष्य एका धुलाईच्या दुकानात काउंटरवर काढलेली, आणि आतोबा गेल्यावर वहिनीबरोबरच राहिलेली. आत्या तिला वन्सं म्हणायची, म्हणून आम्ही सगळे वन्सं म्हणायचो, गल्लीसुद्धा. वन्संना गाणी भयंकर आवडत. कुठलंही लागलं की त्या बरोबर गायच्या, शब्द नसले तर स्वतःचे घालून. त्यामुळे मागच्या खोलीत काम चालू असताना त्यांना आत यायला बंदी होती. बाहेरून त्या म्हणायच्या, "वहिनी, ते मघाचं परत लावा ना!" आणि आतून उत्तर यायचं, "मघाचं कुठलं? मला काय माहीत!"

वन्संचे कान मात्र विलक्षण होते. शेजारच्या घरात कोण कुणावर रुसलंय हे त्यांना भिंतीपलीकडून कळायचं. त्या ऐकायला जायच्या नाहीत, बिचाऱ्या. ऐकू यायचंच.

अशी बरीच वर्षं छान चाललं. मग एका वर्षी माल फार चांगला आला.

आत्याला पहिल्यांदा आनंद झाला, मग कोडं पडलं. दर वर्षी ढिगातल्या थोड्याच रेकॉर्डी 'सांभाळलेली' या प्रतीत बसायच्या. त्या वर्षी निम्म्याहून जास्त बसत होत्या. काही तर थेट कोऱ्या. डोळ्यांना ओरखडे दिसायचे, पण लावल्या की आवाज स्वच्छ. असं कसं होतंय? ती माल आणून देणाऱ्यांना खोदून खोदून विचारू लागली. घरी कुठे ठेवायचात? लावायचं कोण? पुसायचात का? कशाने?

एका बाईने सांगितलं, "माळ्यावर होत्या, पाण्याच्या टाकीला टेकून."

"किती वर्षं?"

"मी लग्न होऊन आले तेव्हाही तिथेच होत्या."

आत्याने ती रेकॉर्ड पुन्हा लावली. टाकीशेजारी इतकी वर्षं काढलेल्या रेकॉर्डीने खरं तर रडायला हवं होतं. पण ती शांत होती.

"लोक सुधारले असतील," वन्सं म्हणाल्या.

"लोक सुधारत नाहीत, वन्सं. फार तर कंटाळतात."

त्या सुट्टीच्या आधी पार्सलं भराभर गेली. आणि मग एके सकाळी फोन आला. फोन करणारा दुसऱ्या गावचा घड्याळजी होता. घड्याळं दुरुस्त करायचा, आणि आत्याचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण फोनवर चांगली ओळख होती. मोजकं बोलणारा माणूस.

"ताई, या वेळची कोरी नाहीये."

"कोरीच आहे. मी स्वतः ऐकलीय."

"दुसरं गाणं सुरू व्हायच्या आधी चटचट आहे. नंतरही आहे."

"तुमची पिन बघा," आत्या म्हणाली. "पिनेला कचरा लागला असेल."

घड्याळजी पिन बघतो म्हणाला. त्यानंतर तशाच अर्थाचे आणखी फोन आले. काहींनी रेकॉर्डी परतच पाठवल्या. आत्याने एकेक लावून ऐकली. स्वच्छ. मग तिचं डोकं कारखान्यासारखं चालू लागलं. बाटली आपल्याकडून चांगली जाते आणि तिकडे फुटकी पोचते, म्हणजे दोष वाटेत आहे. तिने पोस्टावर संशय घेतला. खात्री करायला एक रेकॉर्ड नेहमीसारखी बांधून तिने स्वतःच्याच पत्त्यावर पाठवली. पोस्टमनने ते पार्सल देताना तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की वन्सं पुढे महिनाभर त्याची नक्कल करत होत्या. पार्सल उघडून आत्याने रेकॉर्ड लावली. स्वच्छ. पोस्ट सुटलं.

मग तिने स्वतःची पिन बदलली. काही फरक नाही. प्लेअर उघडून साफ करून घेतला. फरक नाही. मी त्या सुमारास तिच्याकडे गेले होते, तर ती जेवताना घास हातात धरून विचार करत बसलेली. वैताग अजिबात नव्हता. डोळे चमकत होते. "काहीतरी आहे बघ," मला म्हणाली. "काहीतरी असं आहे की जे मी धरतच नाहीये."

शेवटी तिला नमुन्यांचं कपाट आठवलं. कारखान्यातही तपासणारा चुकतोय की बाटल्या चुकतायत हे ठरवायला नमुनाच काढत. दुपारी जेवणं झाल्यावर तिने 'चालेल' प्रतीची नमुन्याची रेकॉर्ड काढली. ही रेकॉर्ड तिला तोंडपाठ होती. म्हणजे गाणी नव्हेत, खरखर. पहिल्याच गाण्याआधी वाळूवरून चप्पल ओढावी तसा आवाज, मग 'चट' असे तीन चटके, मग जरा थांबून आणखी एक. तिने पिन टेकवली आणि वाट बघत बसली.

काहीच नाही. एकदम गाणंच सुरू झालं.

तिने पिन उचलली, रेकॉर्ड काढली, उलटसुलट बघितली. कुणी बदलली तर नाही? नाही, मधल्या कागदावर तिने स्वतः केलेली पेन्सिलची खूण होती. उजेडात धरली. ओरखडे जागच्या जागी. नख फिरवलं. नख अडलं. तिने पुन्हा लावली. पुन्हा शांतता, आणि गाणं.

रेकॉर्ड काही बरी होत नाही. हाड जुळतं, जखम भरते, पण रेकॉर्डीचा ओरखडा भरत नाही.

मला हे सांगताना ती म्हणाली, "तरी मला कळलं नाही बरं का. मी अजून रेकॉर्डीवरच संशय घेत होते." मग तिच्या लक्षात आलं की आणखीही काहीतरी कमी आहे. या गाण्यांच्या सुरुवातीला नेहमी छोट्या घंट्यांची किणकिण असते. सुट्टीचं जवळजवळ कुठलंही गाणं घ्या, बारीक घंट्या असणारच. तिला त्या कधी आवडल्या नव्हत्या, कारण त्या नेमक्या चटक्यांसारख्याच वाजतात आणि कान फसतो. या रेकॉर्डीवर पहिल्या ओळीच्या आधी घंट्या होत्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घंट्याही नव्हत्या.

तिने दार उघडलं. "वन्सं, जरा आत या. गाऊ नका. फक्त ऐका."

वन्सं इतक्या वर्षांनी आत बोलावणं आल्यामुळे हात पुसत, जवळजवळ पाहुण्यासारख्या आल्या आणि खुर्चीच्या टोकावर बसल्या. आत्याने पिन टेकवली.

"काय ऐकू येतंय?"

"अहो, काय म्हणजे? तेलात काहीतरी पडल्यासारखं तडतडतंय. बंद करा की!"

"आणि आता?"

"आता घंट्या." वन्संचा पाय हलायला लागला. "ढीगभर घंट्या आहेत. का हो?"

आत्याने ते गाणं शेवटपर्यंत चालू दिलं. तसं ती कधी करत नसे. ते संपल्यावर म्हणाली, "इतकं सोपं होतं होय. आणि मी पोस्टाला नावं ठेवत बसले."

कोडं सुटल्याचं समाधान तिला दुपारभर पुरलं. भीती त्यानंतर आली. संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने नळ बंद केला आणि तो टपटपतोय का हे बघायला खाली हात धरला. कानांवरचा भरवसा उडालाय हे तिला त्या क्षणी कळलं, असं ती म्हणाली. मग घरभर फिरून तिने एकेक गोष्ट तपासली. घड्याळाची टिकटिक नाही. काडी पेटतानाचा आवाज, अगदी थोडा. वन्सं बडबडतायत ते मात्र सगळं स्वच्छ. "तेवढं जायला हरकत नव्हती," ती म्हणाली, आणि वन्संनी तिच्या पाठीत चापट मारली.

कानांच्या डॉक्टरांकडे मी बरोबर गेले होते. एका बंद खोलीत तिला बसवून कानात बारीक-जाड आवाज सोडले, ऐकू आला की बटण दाबायचं. नंतर डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. लोक अशा वेळी बरं होईल का म्हणून विचारतात. आत्याने विचारलं, "ही रेघ इथून खाली का पडली?"

"वय," डॉक्टर म्हणाले. "आणि तुम्ही कारखान्यात होतात म्हणालात. तिथला आवाज."

"बाटल्या एकमेकींवर आपटतात तो?"

"तोच. उंच, बारीक आवाज आधी जातात. बोलणं शाबूत आहे तुमचं."

"मग इथून पुढे काय काय असतं?" तिने आलेखाच्या उजव्या टोकावर बोट ठेवलं. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली आणि सांगू लागले: पक्ष्यांचे आवाज, चिमुकल्या किड्यांचे, पानांची सळसळ. आत्याने ऐकून घेतलं आणि आलेख घरी न्यायला मागितला. बसमध्ये तो मांडीवर पसरून मला दाखवत होती. "बघ, इथपर्यंत माणसं. इथून पुढे खरखर. माझी नेमकी खरखरच गेली गं." आणि तिला इतकं हसू आलं की पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. घरी पोचेपर्यंत हसणं थांबलं होतं. चप्पल काढताना ती भिंतीला हात टेकून बराच वेळ तशीच उभी राहिली.

कानाला लावायचं यंत्र तिने करून घेतलं. पण ते लावलं की कागद उलटला तरी वादळ आल्यासारखं वाटायचं, आणि रेकॉर्ड लावली की सगळ्याच पत्र्यावर खिळा ओढल्यासारख्या वाजायच्या. "आधी सगळ्या चांगल्या, आता सगळ्या वाईट," ती म्हणाली. "याला काय तपासणी म्हणायची?" यंत्र रस्त्यावर आणि दाराच्या बेलसाठी ठेवलं. कामाला नाही.

पुढे तिने त्या वर्षी ज्यांना ज्यांना माल पाठवला होता त्यांना फोन करायला घेतले. मी म्हटलं, "आत्या, ज्यांनी तक्रार केली त्यांनाच कर ना." ती म्हणाली, "ज्यांनी केली नाही त्यांचेही कान माझ्यासारखेच असतील. म्हणून काय झालं?" प्रत्येकाला तिने तेच सांगितलं. माझे कान गेलेत, या वर्षीची प्रत धरू नका, परत पाठवली तर मी घेईन. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आम्हाला तर छान वाटते." आत्या म्हणाली, "मग घरात कुणी लहान असेल त्याला विचारा." घड्याळजीला तिने सगळ्यांत शेवटी फोन केला. त्याच्याशी बोलायला तिला अवघड वाटत होतं.

"म्हणजे माझी पिन ठीक होती," तो सगळं ऐकून म्हणाला.

"ठीक होती."

"मी नवीन घेतली."

"मग आता बाकीच्या रेकॉर्डी बऱ्या वाजत असतील तुमच्या."

तिकडून काहीच आवाज येईना. आत्याला वाटलं फोन कट झाला. मग तो हसतोय हे तिच्या लक्षात आलं. बोलण्यासारखंच हसायचा, मोजकं.

"आता तुम्ही काय करणार?" त्याने विचारलं.

"बंद करणार," आत्या म्हणाली. हे तिने पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं होतं, आणि स्वयंपाकघरात वन्संनी ते ऐकलं. ऐकू येणारच.

"बंद कशाला?" वन्सं हातात झारा घेऊन दारात. "मी काय मेलेय?"

वन्संना कामावर घ्यायचं हे ठरायला पाच मिनिटं लागली आणि जमायला अर्धं वर्ष. अडचण अशी की वन्संना खरखर ऐकू यायची, पण गाणं सुरू झालं की त्या गाण्याबरोबर निघून जायच्या. आत्या विचारायची, "किती चटके?" वन्सं म्हणायच्या, "अगं बाई, मोजायचे होते नाही का!" आत्या म्हणायची, गाण्याकडे लक्ष देऊ नका. वन्सं म्हणायच्या, गाण्याकडे लक्ष द्यायचं नाही तर लावायचं कशाला? एकदा एक हळवं गाणं लागलं आणि त्या डोळे पुसायला लागल्या. आत्याने पिन उचलून विचारलं, "कव्हरापुरती की चालेल?" तेव्हा मोठं भांडण झालं. मग दोघी एकमेकींशी बोलेनात. मला फोन यायचे. "तुझ्या आत्याला सांग, जेवण वाढलंय." "वन्संना सांग, मला भूक नाही." एकाच घरातून, माझ्यामार्फत.

तोडगा निघाला तो अबोल्यातच. आत्या मागच्या खोलीत एकटीच नुसत्या डोळ्यांनी माल तपासत होती, रेकॉर्ड उगाच सवयीने चालू ठेवून. वन्सं रुसून बाहेर बोळात, दाराकडे पाठ करून इस्त्री करत होत्या. धुलाईच्या दुकानात जन्म गेलेला, राग आला की त्या इस्त्रीला बसायच्या. मध्येच त्या स्वतःशीच करवादल्या, "हं, वाजलं मेलं परत!" थोड्या वेळाने पुन्हा, "हं!" आत्याने दारातून डोकं बाहेर काढलं.

"काय वाजलं?"

"ते तुमचं चटचट. इस्त्रीवर मन लागू देत नाही."

"आणि गाणं कुठलं चालू आहे?"

वन्सं थांबल्या. "गाणं? बघितलं नाही मी."

आत्या दारात उभी राहिली, आणि वन्संनाही हळूहळू उमगलं. हात कामात असले आणि पाठ वळलेली असली की गाणं त्यांच्यावरून वाहून जायचं, आणि खुपणारं तेवढं कानाला खुपायचं. भिंतीपलीकडची भांडणं त्यांनी आयुष्यभर अशीच तर ऐकली होती. त्या दिवसापासून प्लेअर दाराशी सरकवला, दार अर्धं उघडं, बोळात इस्त्री. वन्सं "हं" म्हणाल्या की आत्या पिन उचलायची, ती जागा उजेडाखाली धरायची, नख फिरवायची. गल्लीत सगळ्यांचे कपडे त्या काळात फार सुरेख दिसायचे, कारण घरातले संपल्यावर वन्संनी शेजाऱ्यांचे मागून आणायला सुरुवात केली होती.

पण वन्संचा कान कडक निघाला. गाण्याच्या बाबतीत जितक्या हळव्या, तितक्या खरखरीच्या बाबतीत निर्दय. आणि कधी उलटंच व्हायचं: आत्या ओरखडे बघून 'चालेल' म्हणायची, आणि बोळातून एकही "हं" येत नसे. वन्सं म्हणायच्या कोरी. मग वाद. आत्या म्हणायची, डोळ्यांना दिसतंय ते खोटं कसं? वन्सं म्हणायच्या, मी ऐकलं नाही ते खरं कसं? शेवटी कंटाळून आत्याने एका रेकॉर्डीच्या चिठ्ठीवर दोन्ही लिहून टाकलं. डोळ्यांनी चालेल, कानांनी कोरी. तशीच पाठवून दिली.

ती नेमकी घड्याळजीकडे गेली. त्याचा फोन आला. "हे काय आहे?"

"आमच्यात एकमत झालं नाही," आत्या म्हणाली.

"असं होतं कसं? मलाही दिसतंय आणि मलाही ऐकू येत नाहीये."

हा प्रश्न आत्यालाही पडलाच होता. दोघं बराच वेळ फोनवर त्याची उलटतपासणी करत बसले. आठवड्याभराने एक छोटं पार्सल आलं. त्यात घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग होतं, पण चांगलंच जोरदार, त्याच्या जुन्या सामानातलं. भिंगाखाली तिने रेकॉर्डीची खाच पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला फोन करून ताबडतोब ये म्हणाली. मी धावत गेले, मला वाटलं काही झालं. तिने मला खुर्चीत बसवून भिंग डोळ्याला लावायला लावलं. काळ्या दगडातून नदी वाहावी तशी खाच होती, मध्ये संथ, मध्ये वळणं घेणारी. "जाड वळणं म्हणजे ढोल," ती म्हणाली. "आणि इथे बघ, काठावर केसासारखी थरथर आहे ना? वन्संना विचारून खात्री केलीय मी. त्या घंट्या आहेत." तिने मला ती जागा तीन-चारदा दाखवली. मग स्वतः बघत बसली, आणि मी गेले तरी तिला कळलं नाही.

वाईट दिसणारी रेकॉर्ड स्वच्छ का वाजते, याचंही उत्तर तिने आणि घड्याळजीने मिळून लावलं. जुन्या प्लेअरची पिन जाडजूड, ती खाचेच्या वरच्या काठावरच घासायची. नवी पिन बारीक, ती खाली जिथे कुणी कधी पोचलंच नाही तिथे चालते. सगळ्याच रेकॉर्डींना हे लागू नाही, असं ती लगेच पुढे सांगायची. अजून शोध चालू आहे.

दोन प्रतींच्या चिठ्ठ्या मग नेहमीच्याच झाल्या. गिऱ्हाइकांना त्या भलत्याच आवडल्या. दोन्ही प्रती जुळणाऱ्या रेकॉर्डी हळूहळू खपतात, आणि ज्यांच्याबद्दल दोघींचं पटलेलं नाही त्या आधी जातात. "लोकांना भांडण हवं असतं," वन्सं म्हणतात.

गेल्या वर्षी सुट्टी तोंडावर आली असताना वन्संना जबर सर्दी झाली. दोन्ही कान बंद. मी मदतीला गेले तर वन्सं पांघरुणात नाक शेंदरी करून पडलेल्या, आणि मागच्या खोलीत तपासलेल्या, पण न ऐकलेल्या रेकॉर्डींचा ढीग. फोन एकसारखा वाजत होता. आत्याने यंत्र चढवून तो उचलला.

"नाही हो, आज नाही जाणार पार्सल," ती अगदी शांतपणे सांगत होती. "आमचे कान आजारी आहेत. हो, कानच. अंथरुणात पडलेत. वाफ देतोय. डोळ्यांपुरती प्रत हवी असेल तर आत्ता सांगते, पुढची पुढच्या आठवड्यात."

पलीकडच्या माणसाने काय विचारलं मला ऐकू आलं नाही. आत्याने फोनवर हात ठेवला आणि आतल्या खोलीकडे बघून ओरडून विचारलं, "वन्सं, सोमवारपर्यंत बऱ्या होताय का? हे थांबतायत तुमच्यासाठी."

आतून बंद नाकाचं काहीतरी उत्तर आलं. आत्याला ते कळलं असावं, कारण ती फोनमध्ये म्हणाली, "मंगळवार धरा," आणि फोन ठेवून, भिंग डोळ्याला लावून, पुढची रेकॉर्ड उजेडाखाली तिरकी केली.